हळद न धुतलेलं नाणं

आई, तुम्ही जिंकलात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि तुम्ही आहात तिथून म्हणाल, मुद्द्याचं बोल गं, किती पाल्हाळ लावतेस.

काल तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली, तुमचा दिलीप जरा आडवा झालाय आणि मी स्टुडिओत येऊन बसलेय. स्टुडिओ कसला, आपल्या किराणा दुकानाला लागून असलेली खोली. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच इथल्या गुळाच्या ढेपी हलवून ती मला मोकळी करून दिली होतीत. कॅमेरा अजून स्टँडवर खाली तोंड करून लटकतोय. तो उतरवायचं माझ्या जिवावर आलंय. खाली तुमचा पाटा आहे आणि पाट्यावर काळं कापड पसरलेलं आहे.

लोक तुमच्याबद्दल बरंच बोलले. बाजारात एकटीनं दुकान कसं उभं केलंत, कुणाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवलेत, कुणाला भर रस्त्यात झापलंत. ते सगळं खरं असेल, पण ते त्यांच्या वाट्याचं. माझ्या वाट्याला आलात त्या तुम्ही म्हणजे एका नाण्यासाठी वर्षभर माझ्याशी कॅमेऱ्यावरून भांडलेली बाई. मला तेवढ्याच बाईशी बोलायचंय.

ते नाणं म्हणजे तांब्याचा एक जाड, काळपट, वेडावाकडा तुकडा. लग्नात माहेराहून, आपट्याहून निघताना तुमच्या आईनं तो तुमच्या मुठीत ठेवला होता. यावर राजाचं नाव हाय, एवढंच ती म्हणाली. दुसरं द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. तुमच्या जावांनी माहेरून पाटल्या आणल्या होत्या, तोडे आणले होते, आणि तुम्ही हा तुकडा. कुणी विचारलं की तुम्ही नाणं दाखवायचात, समोरचा उलटसुलट करून बघायचा आणि त्यावर काहीही नसायचं. झिजून सपाट. मामा तर तुमचा सख्खा धाकटा भाऊ, पण रसायनीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला तेव्हापासून नाण्याला वॉशर म्हणायला लागला. आईनं ताईला वॉशर दिला, हा त्याचा ठरलेला विनोद. दर भाऊबीजेला एकदा तरी व्हायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुम्ही हसायचात, पण त्या दिवशी संध्याकाळी भांडी जरा जोरात घासायचात.

मग साखरेनं तुमचे डोळे धरले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आत्ता जे दिसतंय ते जपा, पुढे कमीच होत जाणार. रिक्षातून दुकानापाशी उतरल्यावर माझा दंड धरून म्हणालात, "तुझ्या त्या कॅमेऱ्यानं मला ते नाव मोठं करून दाखव. डोळे हायेत तवर. वाचून दाखवायचं नाय. मला दिसलं पायजे."

रागावलात किंवा घाबरलात की तुमच्या तोंडी आपट्याची बोली यायची. त्या दिवशी यातलं काय होतं ते मला लगेच कळलं.

वाचून दाखवायचं नाही, ही अट किती शहाणपणाची होती ते आठवडाभरात कळलं. दिलीपनं मोबाईलवर फोटो काढला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, हो की आई, श्री दिसतोय. बिचाऱ्याला तुम्हाला खूश करायचं होतं. तुम्ही विचारलंत, कुठे? त्यानं फोटोत वरच्या बाजूला बोट ठेवलं. तुम्ही फोन उलटा धरलात आणि परत विचारलंत. त्यानं परत वरच बोट ठेवलं. मग तुम्ही त्याला जे काही सुनावलंत ते ऐकून गिऱ्हाईक सामान न घेताच गेलं. मलाही तो मोबाईलचा फोटो नकोच होता. मोबाईल न दिसणारं आपल्या मनानं भरून काढतो, गालावरचे डाग पुसतो तसे नाण्यावरचे ओरखडेही पुसतो. सेल्फीला ठीक आहे, पण आपल्याला खरं हवं होतं.

माझ्याकडची लग्नाची लेन्स नाण्याच्या जवळ जायलाच तयार नव्हती. जरा जवळ नेली की सगळं धूसर. म्हणून मी कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या कड्या आणल्या. त्यांनी नाणं मोठं दिसायला लागलं खरं, पण लेन्स इतकी खाली न्यावी लागे की तिचीच सावली नाण्यावर पडे. तुम्ही म्हणालात, हे म्हणजे कुणाचं तोंड बघायला त्याच्याच दिव्यासमोर उभं राहायचं. मग मी सांगितलं की खास जवळचे फोटो काढायची मोठी मॅक्रो लेन्स घ्यायची, लांब पल्ल्याची, म्हणजे लेन्स आणि नाणं यांच्यात जवळजवळ वीतभर जागा राहील आणि दिवा हवा तसा फिरवता येईल. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जणू मी तोफ मागितली. एवढ्याशा नाण्यासाठी एवढी मोठी नळी कशाला, त्यापेक्षा छोटी मिळत नाही का, हेच तुमचं पालुपद. छोटी मिळत होती, पण छोटी घेतली तर पुन्हा सावली. या एका मुद्द्यावर मी हटले नाही. शेवटी समोरच्या घड्याळवाल्या नजीरभाईंचा भाऊ कुवेतहून येणार होता, त्याच्याकडून वापरलेली पण चांगली लेन्स मागवली. ती देताना नजीरभाई तुम्हाला म्हणाले की मावशी, इन्शाल्ला, यातून मुंगीचे दातही दिसतील. तुम्ही म्हणालात, मुंगीचं नको, नाण्याचं बघा.

आणि ती लेन्सभोवती बसवायची गोल लाइट. लग्नाची शूटिंग करणाऱ्या माझ्या एका मित्रानं हट्टानं आणून दिली होती. तिनं काढलेल्या फोटोत नाणं भाजलेल्या पापडासारखं सगळीकडून सारखं पांढरट दिसलं. झिजलेल्या वस्तूवर समोरून उजेड टाकला की उरलासुरला उंचसखलपणाही जातो. उजेड बाजूनं, अगदी खालून सरपटत यायला हवा. हे मी तुम्हाला समजावून सांगत होते तेव्हा तुम्ही शांतपणे शेंगा सोलत होतात. मग म्हणालात, संध्याकाळी शेतात ढेकळं कशी उठून दिसतात, तसं ना? अगदी तसंच. मी ती गोल लाइट परत केली.

स्टँडवरून तर आपण महिनाभर भांडलो. ट्रायपॉडवर कॅमेरा उलटा टांगला की बाहेरून गेलेला प्रत्येक ट्रक हादऱ्यानं फोटोत यायचा. तुम्हाला ट्रक दिसायचे नाहीत, पण मला दिसायचे, सगळ्या कडा दोन-दोन. मग माळ्यावरून मी फोटो मोठे करायचं जुनं यंत्र काढलं, रोल धुवायच्या काळातलं. त्याचा लोखंडी खांब सोडवून कॅमेऱ्याला लावला. आता खाली जड बैठक हवी होती. तुम्ही आत गेलात आणि दिलीपकडून पाटा उचलून आणलात. त्यावर आता वाटायचं कुणी नाही, म्हणालात. त्या दिवसापासून एक ट्रक दिसला नाही. पण पाटा दिलात म्हणून काय, तुमच्या अटी आल्याच. स्टुडिओत चप्पल घालून यायचं नाही, कारण नाणं पूजेतलं. आंघोळीशिवाय हात लावायचा नाही. आणि नाणं कधीही नुसत्या कापडावर ठेवायचं नाही, तांदळावर ठेवायचं. तांदळावर नाणं कलतं, कललं की अर्धंच स्पष्ट येतं, हे तुम्हाला कोण सांगणार? शेवटी तह झाला. नाणं कापडावर, आणि तांदूळ चौकटीबाहेर चहूकडे. विचुंब्याहून वास्तुशांतीचे फोटो ठरवायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं ते बघून विचारलं की हा कसला विधी आहे. मी म्हटलं, आमच्याकडची पद्धत आहे.

एवढं सगळं करूनही नाव काही दिसेना. बाजूनं उजेड टाकला, कुठे उंचवटा वाटे, कुठे खड्डा, पण अक्षर म्हणावं असं काही नाही. आणि वर तो पिवळट काळा थर. दर लक्ष्मीपूजनाला तुम्ही बाकीची नाणी चिंचेनं घासून लखलखीत करायचात, पण याला कधी घासलं नाहीत, आईनं नको सांगितलं होतं म्हणून. निरांजनाच्या तुपाचा हात तसाच हळदीत बुडवून याला बोट लावायचात, आणि दुसऱ्या दिवशी पदरानं पुसून पुन्हा पदराच्याच गाठीत. वर्षानुवर्षांचं ते तूप आणि ती हळद खाचांमध्ये जाऊन बसली होती. मी वाचलं होतं की नाणी जमवणारे लोक नाणं घासत नाहीत, पण तेलात किंवा शुद्ध पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे मळ आपोआप सुटतो. मला तसं करायचं होतं. माझे हात शिवशिवत होते.

तुम्ही नाणं पदराला बांधलंत आणि म्हणालात, "नाय म्हंजे नाय. वरची हळद माझ्या हातची हाय आणि खालची माझ्या आईच्या हातची. ती धुतलीस तर माझ्याजवळ तिचं काय उरंल?"

मी म्हटलं, अक्षर उरेल. तुम्ही म्हणालात, अक्षर तसंही नाही. त्यानंतर आपण एकमेकींशी बोलणं बंद केलं. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा दिलीपमार्फत. तो बिचारा दोन्हीकडून निरोप ऐकून इतका वैतागला की दुकानात जास्त वेळ बसायला लागला. आई, तेव्हा मला तुमचा खराच राग आला होता. डोळ्यांची मुदत संपत चालली होती, तुम्ही चहाचा कप ठेवताना टेबल चाचपायला लागला होतात, आणि हळदीसाठी हट्ट धरून बसला होतात. मला वाटायचं, ही बाई नाव न बघताच जाणार, आणि तेसुद्धा स्वतःच्या हट्टापायी.

ती दुपार मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुकान जेवणासाठी बंद होतं, शटर अर्धं खाली. तुम्ही गल्ल्यापाशी बसला होतात. तुमची सवयच होती, जिथे दिवा दिसेल तिथे नाणं धरायचं. ट्यूबखाली, मोबाईलच्या बॅटरीखाली, मागच्या दारात उन्हात. त्या दुपारी तुम्ही ते नोटा तपासायच्या यंत्रात धरलंत. खोटी नोट ओळखायला तो जांभळा दिवा असतो ना, प्रत्येक दुकानात असतो, त्याखाली. आणि इतके दिवस बंद असलेलं तोंड उघडून तुम्ही मला हाक मारलीत की हे पिवळं काय पेटलंय बघ.

मी धावत आले आणि बघतच राहिले. हळद पेटली होती. तूप प्यालेली ती जुनी हळद जांभळ्या उजेडात हिरवट पिवळी चमकत होती, खाचाखाचांमधून, आणि जिथे धातू उंच होता तिथे काळोख. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कुवेतहून लेन्स आणली आणि दिवा गल्ल्यावर होता.

त्या यंत्राचा दिवा दिलीपनं खोलून बाहेर काढला. आता मात्र माझी बाजू ऐका. लेन्स आणि नाणं यांच्यातल्या त्या वीतभर जागेत तो दिवा तिरका बसला, व्यवस्थित बसला. तुमच्या छोट्या नळीनं तो बसला नसता. हा विजय माझा आहे आणि तो मी तुम्हाला देणार नाही. हळदीचा तुमचा, वीतभर जागेचा माझा.

आम्ही शटर पूर्ण ओढलं. अंधार हवा होता, आणि फोटोला बराच वेळ लागणार होता. ट्रकांच्या मधली शांतता बघून मी दुरून बटण दाबायची. तुम्ही लाकडी पाटावर बसून तोंडावर हात धरला होतात, श्वासानं नाणं हलेल म्हणून. दिलीप दाराशी देवळात उभा राहावा तसा उभा होता. मला हसू येत होतं.

मग घरात जाऊन फोटो टीव्हीवर लावला. तुम्ही खुर्ची इतकी पुढे ओढलीत की तुमचं नाक काचेला लागेल असं वाटलं. मी काही बोलले नाही. दिलीपला तर बोलायची हिंमतच नव्हती. नाणं कसं धरायचं, अक्षरांची वरची कड कुठली, हे आम्हालाही माहीत नव्हतं. तुम्हीच सांगत होतात, फिरव, अजून फिरव, अजून थोडं, थांब. मी थांबले. तुम्ही बोट पडद्यावर टेकवलंत आणि पहिलीतल्या मुलीसारखं मोठ्यानं वाचलंत, जा. मग बोट डावीकडे सरकवलंत. रा. मग दोन्ही एकत्र.

मलाही दिसत होतं, आई. वर कडेला तुटलेली एक वेलांटी, खाली काहीतरी पुसट, आणि मधल्या ओळीत काळं ठसठशीत राजा, पिवळ्या उजेडात. राजा वाचून झाल्यावर तुम्ही बराच वेळ बोट काढलं नाहीत. मग म्हणालात, "माझी आई खोटं नव्हती बोलली."

मी रडले. दिलीप रडला. तुम्ही रडला नाहीत. तुम्ही डोळे पुसायच्या ऐवजी चष्मा पुसलात आणि मला हुकूम सोडलात की आता पालथं करून दुसरी बाजू काढ. शाबास नाही, काही नाही. मला तेव्हा असा राग आला होता आणि असा आनंद झाला होता की त्या दोन्हींतला फरकच कळेना.

रविवारी मामा आला. फोटो बघून म्हणाला की कॅमेऱ्यात आजकाल काहीही करता येतं. तुम्ही याचीच वाट बघत होतात. त्याला दंडाला धरून गल्ल्यापाशी नेलंत, दिव्याखाली नाणं धरलंत आणि बाजूला झालात. मामानं वाकून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं. शेवटी हळूच म्हणाला की वॉशर नाय, ताई. तुम्ही म्हणालात, ऐकू नाही आलं. तुमचे कान शेवटपर्यंत तिखट होते. त्याला तेच मोठ्यानं म्हणावं लागलं, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. त्यानंतरच त्याला चहा मिळाला.

दुसरी बाजू मात्र राहिली. पूजेत नाणं नेहमी त्याच अंगानं वर ठेवलेलं, हळदीचं बोट लागलं ते तिथेच. पालथ्या बाजूला तांदूळ. तिथे दिव्याखाली काळोखच. मी म्हटलं, आपण आज हळद लावू आणि बघू, चालेल की नाही मलाही माहीत नाही. तुम्ही म्हणालात, पूजेशिवाय हळद लावायची नाही. मग येत्या दिवाळीला पालथं ठेवा. पालथं नाणं कुणी पूजतं का? मी म्हटलं, लक्ष्मीला काय उलटं आणि काय सुलटं. यावर तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत, आणि तुमचं हे असं गप्प बसणं म्हणजे अर्धा होकार, हे मला इतक्या वर्षांत कळत होतं. आपलं भांडण तिथेच थांबलंय. वर्ष सणांविना जाईल, या दिवाळीला पूजा नाही. पुढच्या दिवाळीला मी एकटीनं कुणाशी भांडू?

शेवटी हॉस्पिटलात नेलं तेव्हा पदर नव्हता, त्यांनी तो निळा झगा घातला होता. नाणं तुम्ही रुमालात बांधून उशीखाली ठेवलं होतंत. भेटायची वेळ संपत आली तेव्हा तुम्ही ते काढलंत, माझ्या तळहातावर ठेवलंत, माझी बोटं मिटलीत आणि म्हणालात, ठेव. एवढंच. आवाज अगदी रोजचा, चहाची किटली ठेव म्हणावं तसा. मी ते मुठीत धरून घरी आले. तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात. ठेव म्हणजे सांभाळून ठेव, की तुझ्याजवळच राहू दे, हे मी विचारलं नव्हतं. मला बोलायचं होतं, पण तुमच्याशी माझं गोड बोलणं कधी जमलंच नाही. आपली सगळी माया लेन्स आणि पाटा आणि तांदूळ यांच्यातूनच गेली. ती पोचली होती, एवढं मात्र मला आता पक्कं माहीत आहे.

काल जेवणं उरकत आली तेव्हा मामानं मला बाजूला बोलावलं. चार माणसं ऐकत होती. तो म्हणाला की ताईला मुलगी नाही, आणि ते नाणं आमच्या आपट्याच्या घरातलं. राजाचं नाव आहे त्यावर. आता ते माहेरी यायला हवं. त्याचं चुकत होतं असं नाही, आई. त्याचीही ती आईच होती. मामानं परत विचारलं की ताईनं ते तुझ्याकडे सांभाळायला दिलं की तुलाच दिलं?

माझ्याकडे तुमच्यासारखा आवाज नाही. पण त्या क्षणी तो कुठून आला कोण जाणे. मी म्हटलं, "मामा, ते नाही मिळायचं. मला ते माझ्या आईनं दिलंय."

मला वाटलं आता मामा भांडणार, आणि खरं सांगते, मी पदर खोचला होता. पण तो वळला आणि आत वाढणाऱ्या बायकांना ओरडून म्हणाला, "अगं एक पान वाढा. ताईची लेक जेवायची राहिलीय."